पोटाचा घेर घरी कसा मोजावा आणि त्यातून काय ओळखावे

वजनकाट्यावर आकडा बेताचा आला की प्रकृती ठीक आहे, असे मराठवाड्यातील अनेक घरांत आजही धरले जाते. मात्र हातपाय सडपातळ आणि ढेरी पुढे आलेली असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली.

त्वचेखालची चरबी चिमटीत धरता येते. आतड्यांभोवती साठलेली चरबी तशी हाती लागत नाही आणि अपाय तिचाच अधिक होतो. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले (चरबीचे घटक, फॅटी ॲसिड) थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात, त्यामुळे यकृतावर चरबी चढते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि पुढे मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांची शक्यता वाढते. पाळी बंद झाल्यानंतर स्त्रियांची चरबीही मांड्यांकडून पोटाकडे सरकू लागते, म्हणून घरातल्या पुरुषांइतकेच आई-मावशींचेही माप घ्यावे.

मापासाठी शिंप्याकडची टेप पुरेशी आहे. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पट्टा बहुधा ढेरीच्या खाली बांधलेला असतो. सकाळी अनशापोटी सरळ उभे राहावे, परकराची नाडी किंवा पट्टा सैल करावा, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून दोहोंच्या बरोबर मध्यावर टेप सभोवार आडवी, न आवळता धरावी आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढू नये. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे; घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हाही सोपा ताळा आहे. गरोदरपणात हे माप लागू नाही, आणि पोट थोड्याच दिवसांत फुगले असेल तर ती चरबी न समजता डॉक्टरांना दाखवावे.

केवळ पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी उतरत नाही. संपूर्ण शरीराची चरबी घटली की घेर कमी होतो. त्यासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्यापूर्वीच. ज्वारीची भाकरी उत्तम आहे, पण ताटात तीन-चार भाकऱ्या आणि वरण नावापुरते, असे असेल तर एक भाकरी कमी करून मटकीची उसळ, वरण आणि पालेभाजी वाढवणे माझ्या मते सर्वांत परवडणारा बदल आहे. करडईचे तेल चांगले म्हणून हात सैल सोडू नये, कारण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात. दिवसभरात होणारे साखरेचे चहाही मोजून पाहावेत.

माप महिन्यातून एकदा, त्याच वेळी घ्यावे. ते मर्यादेबाहेर असेल आणि वय तिशीपुढे असेल, तर त्रास होण्याची वाट न पाहता गावच्या आशाताईंना विचारून उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.