मणक्याच्या दुखापतीनंतरचा व्यायाम : या चुका टाळा

ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर या भागातल्या जुन्या वाड्यांत, मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या नसांच्या दोरीला, मार बसलेला पेशंट असला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, हा चालेल कधी?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्यामागे धावताना सगळा पैसा आणि सगळा वेळ पायांवर खर्च होतो. खांदे, कातडी आणि लघवी यांच्याकडे कुणी बघतच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पेशंट पुन्हा हॉस्पिटलात जातो तो बहुतेक वेळा या दुर्लक्षित गोष्टींपायीच.

पाय झटकला की पेढे वाटू नका

चादर बदलताना पाय एकदम उडतो आणि आई ओरडते, "पायात जीव आला!" संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन गेलेले असतात. मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचे हुकूम खाली पोचत नाहीत, पण इजेच्या खालचा भाग आपल्या परीने कामच करत असतो. पाऊल गार फरशीला टेकलं किंवा मूत्राशय भरलं की तो आपणहून पाय झटकतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला हुकूम लागत नाही. खरी सुधारणा ओळखायची तर पेशंटला सांगा, "अंगठा वर कर." सांगितल्यावर तो वर गेला, "थांब" म्हटल्यावर थांबला आणि पुन्हा सांगितल्यावर पुन्हा गेला, तर मात्र डॉक्टरांना जरूर कळवा.

झटके एकाएकी वाढले तर ती बहुधा तक्रार असते. लघवीत जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, नितंबावर सुरू झालेली जखम किंवा पायाच्या बोटात रुतलेलं नख, यांपैकी काय आहे ते आधी शोधा. झटक्याची गोळी वाढवायचं नंतर बघू.

आणखी एक. डिस्चार्जच्या कागदावर ए, बी, सी, डी असं एक अक्षर लिहिलेलं असतं. ती 'एशिया' (ASIA) श्रेणी, इजा किती गंभीर आहे ते सांगणारी. 'ए' म्हणजे गुदद्वाराजवळच्या सगळ्यात खालच्या भागातही संवेदना नाही आणि हालचालही नाही. 'डी'मध्ये इजेखालच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त स्नायूंत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलण्याइतका जोर असतो. हे अक्षर माहीत नसताना शेजारच्या कॉलनीतल्या कुणाशी तुलना करू नका. 'डी'वाला काठी घेऊन चालतो म्हणून 'ए'वाल्याला "तू मेहनत घेत नाहीस" असं सुनावणारे काका मी पाहिले आहेत. बहुतेकांची मोठी सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होते. पुढे तिचा वेग मंदावतो.

पाय हलवून देणं म्हणजे व्यायाम नव्हे

सकाळ-संध्याकाळ कुणीतरी पाय वर-खाली करून देतं, मोटरवाली सायकल पायांना बांधून तासभर फिरवली जाते आणि घरचे समाधानी होतात. सांधे मोकळे ठेवायला याचा थोडाफार उपयोग असेल, पण ताकद वाढत नाही आणि दमही वाढत नाही. जे स्नायू अजून काम करतात ते दमले पाहिजेत. 2018 साली मज्जारज्जूच्या पेशंटसाठी आंतरराष्ट्रीय व्यायाम-सूचना निघाल्या. त्यांतलं किमान माप असं : आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं धाप लागेल असा व्यायाम, आणि काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटासाठी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन फेऱ्या, ताकदीचा व्यायाम. मधुमेह आणि हृदयविकार दूर ठेवायचे तर धाप लागणारा व्यायाम 30 मिनिटं, तीनदा. वाड्याच्या खिडकीच्या गजाला थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) बांधून मागे ओढलं तरी सुरुवात होते. मशीन लागत नाही.

मशीनची जाहिरात मोठी असते म्हणून सांगते. अंशतः इजा झालेल्या पेशंटना ट्रेडमिलवर पट्ट्यांनी टांगून चालवणं आणि साध्या जमिनीवर तितकाच चालण्याचा सराव देणं, यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी अमेरिका आणि कॅनडात झाली. तिचा निकाल 2006 साली आला. सुधारणा दोन्ही गटांत झाली, फरक सापडला नाही. त्यामुळे दिल्लीच्या एखाद्या सेंटरच्या पॅकेजसाठी दागिने गहाण टाकण्याआधी विचारा : हा सराव घरी करून घेता येईल का? स्टेमसेलचं इंजेक्शन विकणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आतच घेऊ नका. आपल्याकडच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या दुखापतीसाठी ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतं आणि त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात.

त्यापेक्षा पोरांना खेळाकडे वळवा. मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, पोहण्याकडे वळले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. आपल्याच गावात ऑक्टोबर 2023 मध्ये अटल बिहारी वाजपेयींच्या नावाने दिव्यांगांसाठी खेळाचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालंय. लष्कर भागातल्या कितीतरी घरांना त्याचा पत्ताच नाही.

मालिशवाल्याच्या हाती बोटं देऊ नका

मानेच्या सहाव्या पातळीला इजा झालेल्या पेशंटचं मनगट वर उचललं जातं, पण बोटं मिटत नाहीत. इथे निसर्गाने एक युक्ती ठेवली आहे. मनगट वर घेतलं की बोटांच्या शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जाऊन बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीला टेकतो. मनगट सोडलं की चिमूट उघडते. या चिमटीत दात घासायचा ब्रश बसतो, हलका पेला बसतो, मोबाइलही बसतो. पण त्यासाठी बोटांच्या शिरा थोड्या आखूडच राहाव्या लागतात. घरी येणारा मालिशवाला काय करतो? मनगट मागे रेटून पाचही बोटं पापडासारखी सपाट करतो, "आखडू नयेत म्हणून". काही महिन्यांत शिरा सैल पडतात आणि ती चिमूट कायमची जाते. म्हणून नियम असा : बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट मागे न्यायचं तर बोटं मिटलेली ठेवून. पलंगावरून सरकताना तळवा पसरून भार टाकायचा नाही, मूठ टेकायची.

पायांचंही तेच. इजेखालची हाडं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत खूप ठिसूळ होतात. गुडघ्याला जोराने दाब दिला की मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वरच तुटू शकतं, आणि पेशंटला कळतही नाही, कारण दुखतच नाही. एका पायावर अचानक सूज आली आणि तो गरम लागला तर व्यायामही बंद, मालिशही बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर. ते मोडलेलं हाड असेल, सांध्याभोवती नको तिथे तयार होणारं हाड असेल किंवा रक्तवाहिनीत जमलेली रक्ताची गुठळी असेल. गुठळीवर तेल लावून चोळलं तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो.

डोकं धरलंय : आडवं करायचं की बसवायचं?

ही चूक जिवावर बेतते. पेशंट डोकं धरतो आणि घरचे त्याला झटकन आडवं करतात. कधी ते बरोबर असतं आणि कधी अगदी उलट.

बरेच दिवस झोपून असलेल्याला उठवून बसवलं की रक्त पायांत उतरतं, रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि चेहरा पांढरा पडतो. अशा वेळी आडवं करा किंवा व्हीलचेअर मागे कलवून पाय वर घ्या. पुढच्या वेळी पोटाला पट्टा बांधून, हळूहळू, टप्प्याटप्प्याने बसवा.

दुसरी परिस्थिती छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्यावर इजा असलेल्यांची. डोकं फुटेल असं ठणकतं, चेहरा आणि मान लाल होते, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो, नाक चोंदतं. इथे रक्तदाब भराभर चढत असतो. अशा पेशंटचा एरवीचा वरचा दाब 90-100 इतकाच असतो. त्यामुळे मशीनवर 130 दिसलं तरी "हे तर नॉर्मल आहे" म्हणून बसून राहायचं नाही. नेहमीपेक्षा 20 ते 40 ने वाढला की धोक्याची घंटा. आडवं केलं तर दाब आणखी चढतो. त्याला सरळ बसवा, पाय खाली सोडा, पोटाचा पट्टा, नाडी, बूट सगळं सैल करा. मग कारण शोधा. पहिला संशय लघवीवर : नळी दुमडली आहे का, पिशवी तुडुंब आहे का, कॅथेटर (लघवी काढायची नळी) टाकायची वेळ टळून गेली आहे का? व्यायामाच्या वेळी नळी मांडीखाली दबणं हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण. त्यानंतर साठलेली शौच, मग कातडी, घट्ट कपडे, टोचणारी शिवण. दर दोन-तीन मिनिटांनी दाब मोजत राहा. कारण सापडलं नाही किंवा दाब उतरेना, तर थेट इमर्जन्सीत न्या.

एका कार्डावर इजेची पातळी, नेहमीचा दाब आणि "याला आडवं करू नका" हे लिहून पाकिटात ठेवा. तिथल्या शिकाऊ डॉक्टरला हे माहीत असेलच याची खात्री धरू नका. बीपीचं मशीन नसेल तर महागड्या सायकलीच्या आधी ते घ्या.

व्यायामाला बसण्याआधी मूत्राशय रिकामं करायचं. पण मध्ये लघवी नको म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं हा उपाय नव्हे.

आपला उन्हाळा, आपली थंडी

इजेखाली घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा व्यायाम पहाटेच उरकावा, मानेवर ओला पंचा टाकावा आणि अंगावर पाण्याचे फवारे मारत राहावं. जानेवारीत नेमकं उलटं संकट : पाय गार लागले म्हणून कुणी गरम पाण्याची पिशवी ठेवतं, कुणी शेगडी जवळ ओढतं. ज्या कातडीला चटका कळत नाही ती भाजून निघते आणि पुढे जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मोजे आणि दुलई पुरे.

बसण्याची जागा आणि खांदे

खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी नितंबावरचा भार हलका करायचा असतो. हातांवर क्षणभर उचलून पुन्हा बसलं तर काही साधत नाही. दबलेल्या जागेत रक्त परत यायला साधारण दोन मिनिटं लागतात आणि तितका वेळ हातांवर कुणी तरंगत नाही. पुढे टेबलावर ओणवं व्हा, नाहीतर आधी एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर कला. मेडिकलवाला देतो ती हवेची गोल रिंग घेऊ नका, तिच्या कडेने रक्तप्रवाह उलट दबतो. व्यायामानंतर आरशात कातडी बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागेवर बसणं बंद, आणि तिथे चोळायचं मुळीच नाही.

खांद्यांवर तर आता पायांचंही काम आलं आहे. पुढच्या स्नायूंना ढकलण्याचा व्यायाम दिवसभर मिळतोच, म्हणून मागच्यांना द्या : थेराबँड ओढणं, खांद्याची पाती मागे जवळ आणणं. खांदा दुखायला लागल्यावर "थोडं सहन कर" म्हणून दंड-बैठकांचा उत्साह दाखवू नये, कारण तो खांदा गेला तर पलंगावरून खुर्चीतही जाता येणार नाही. सरकायची फळी वापरा. खुर्ची पेशंटच्या मापाची असू द्या. चाकाच्या सर्वांत वरच्या बिंदूवर हात ठेवला असता कोपराचा कोन 100 ते 120 अंशांच्या दरम्यान आला तर माप साधारण बरोबर. हॉस्पिटलातली ढोबळ, रुंद खुर्ची कायमची गळ्यात मारून घेऊ नका.

आणि वाड्याचा उंबरठा. त्याला सिमेंटचा उभा उतार लावून देणारे मिस्त्री पुष्कळ. खुर्ची मागे उलटते ती तिथेच. एक इंच उंचीला एक फूट लांबी हे माप धरा : सहा इंचांची पायरी असेल तर रॅम्प सहा फुटांचा, कडेला कठडा. अंगणात तेवढी जागा नसेल तर फळीचा उचलून ठेवता येणारा रॅम्प सुतार करून देतो. त्यावरून खुर्ची नेताना मागे एक माणूस हवा.