गाडी विकायची घाई नको, आधी सीट नीट लावा

सायकलने कामावर जायचं ठरवलंत, तरी गाडी लगेच विकू नका. महिनाभर नुसती उभी ठेवा. 10 किलोमीटरला ताशी 15च्या आरामशीर वेगाने 40 मिनिटं लागतात. सिग्नलची थोडी जादा धरा.

आठवड्याभरात गुडघे कुरकुरायला लागले, तर दोष वयाला देण्याआधी सीटची उंची बघा. बहुतेकजण ती फार खाली ठेवतात. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पॅडलवर टेकवा. पॅडल अगदी खाली गेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढंच हवं. सुरुवातीला उंच वाटेल, वाटू द्या. फक्त सीटच्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण ओलांडू नका.

हवा मात्र अंगठ्याने दाबून कळत नाही. टायरच्या कडेला दाबाचा आकडा छापलेला असतो, तो बघून आठवड्यातून एकदा पंप मारा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपते आणि पंक्चर ठरलेलं.

बॅग पाठीवर नको, कॅरिअरवर बांधा. शर्टाची पाठ कोरडी राहते.