बाजूचे आरसे लावताना या चुका टाळा

गाडीचे बाजूचे आरसे बहुतेक जण असे लावतात की, आरशाचा पाव भाग तरी आपल्याच गाडीच्या दारांनी व्यापलेला असतो. स्वतःची गाडी दिसली म्हणजे आरसा नीट लागला, असे वाटते खरे. पण त्यामुळे मधल्या आरशात दिसणारा रस्ताच बाजूच्या आरशांतही पुन्हा दिसतो आणि मागच्या दारापाशी तिरकी येऊन ठेपलेली दुचाकी मात्र तिन्ही आरशांतून निसटते. आपल्याकडे डाव्या बाजूने घुसणाऱ्या दुचाकी पाहता, माझ्या मते हीच सर्वांत गंभीर चूक आहे.

जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ साली मांडलेली पद्धत यावर उपयोगी पडते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळे ती अशी होते : आधी सीट व मधला आरसा पक्का करावा, कारण सीट हलली की नजरेची जागा बदलते आणि सगळी मेहनत वाया जाते. मग डोके उजव्या खिडकीच्या काचेला टेकवून उजवा आरसा इतका बाहेर वळवावा की, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. डाव्या आरशासाठी डोके दोन्ही सीटच्या मध्यावर आणून तसेच करावे. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशातून नाहीशी होते आणि सुरुवातीचे काही दिवस चुकल्यासारखे वाटते. तेवढ्यासाठी आरसे पुन्हा आत वळवू नयेत.

गाडी उभी असतानाच घरातल्या कोणाला तरी मागून डाव्या बाजूने सावकाश चालत यायला सांगावे. ती व्यक्ती मधल्या आरशातून जाता जाता डाव्या आरशात यावी आणि तिथून जाण्याआधीच खिडकीतून डोळ्याच्या कोपऱ्यात दिसू लागावी. मध्येच ती दिसेनाशी झाली, तर आरसा किंचित हलवून पुन्हा पाहावे. हे जमले तरी वळण्यापूर्वी मान वळवून पाहणे सोडू नये.

बाजूच्या आरशाची काच फुगीर असेल, तर मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान व दूर भासते. म्हणून लेन बदलताना अंतराचा अंदाज सपाट काचेच्या मधल्या आरशावरून घ्यावा. पार्किंगमध्ये फुटपाथची कड पाहण्यासाठी डावा आरसा खाली झुकवला असेल, तर निघण्यापूर्वी तो आठवणीने वर घ्यावा.

विजेवर चालणारा आरसा हलत नसेल, तर प्रथम इग्निशन चालू आहे का आणि डावा-उजवा निवडण्याचे बटण मधेच तर राहिलेले नाही ना, हे पाहावे. दोन्ही आरसे बंद असल्यास फ्यूज तपासावा. एकच बंद असल्यास दोष बहुधा त्याच बाजूच्या मोटरीत किंवा वायरीत असतो. काच हाताने जोर लावून वळवू नये, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. वेगात काच थरथरत असेल, तर मागची पकड सैल झालेली असू शकते; ती गोंदाने चिकटवण्याऐवजी मेकॅनिककडून नीट बसवून घ्यावी.