घरासाठी स्वस्तातला डेस्कटॉप: नवा घ्यायचा का जुन्यालाच अपग्रेड मारायचा?

भावांनो, पोरांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, थोडं एक्सेल आणि यूट्यूब एवढंच काम असेल तर नवा कोरा पीसी घ्यायची काय गरज नाय, ऑफिसातनं निघालेला रिफर्बिश्ड (म्हणजे तपासून, दुरुस्त करून परत विकायला ठेवलेला) डेल नायतर एचपी बघा, कोल्हापुरात राजारामपुरीत दोन-चार दुकानं फिरा आणि बिल, वॉरंटी मिळत असेल तरच पैसे काढा.

दुकानदार "आय५ हाय" (आय५ म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, पीसीचा मेंदू) म्हणला की लगेच भुलू नका, पुढचा नंबर विचारा. आय५-८५०० म्हणजे ८वी जनरेशन आणि आय५-३४७० म्हणजे ३री, नाव एकच पण जमीन-अस्मानाचा फरक. विंडोज १० चा रेग्युलर सपोर्ट (म्हणजे नेहमीची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण ८वी जनरेशन तरी लागतीच, म्हणून त्याच्या खालचं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

घरात जुना पीसी असेल तर पहिली एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी वापरायची, तिच्यापेक्षा फास्ट डिस्क) टाका, बाकी सगळं नंतर! २५६ जीबीची साटा (जुन्या हार्डडिस्कसारख्याच वायरीनं जोडायची) एसएसडी बास होती, विंडोज तिच्यावर घाला आणि जुनी हार्डडिस्क फोटोंसाठी राहू दे. मग रॅम, ८ जीबी तरी पायजेच. आणायला जाताना जुनी रॅम काढून सोबत न्या, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ ह्या रॅमच्या दोन प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्तीनं दाबली तर स्लॉटच जातोय. कॅबिनेट खोलायच्या आधी वायर काढा, पॉवर बटण दाबून धरा.

आणि यूपीएस (लाइट गेली तरी पीसी थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) घ्याच, पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करती.