इलेक्ट्रिक शॉवरसाठी जुना फ्यूज बोर्ड बदलताना

पाणी साठवून तापवणारा घरगुती गीझर साधारणतः २ ते ३ किलोवॅटचा असतो. इलेक्ट्रिक शॉवरला मात्र वाहते पाणी तिथल्या तिथे तापवायचे असल्यामुळे त्याची क्षमता बहुधा ७.५ ते १०.५ किलोवॅट असते. हा आकडा फुगवलेला नाही, कारण पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढवायचे ठरवल्यास ८.५ किलोवॅटचा शॉवरही मिनिटाला जेमतेम ४ लिटर पाणी देऊ शकतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर एवढी शक्ती म्हणजे सुमारे ३७ अँपिअरचा प्रवाह, आणि तोही आंघोळ संपेपर्यंत सलग. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजांचे (ज्यांत वितळणारी तार बसवलेली असते) जुने बोर्ड बसवताना असा भार कोणी गृहीत धरलेला नसतो. त्यामुळे अशा बोर्डातल्या एखाद्या मोकळ्या फ्यूजवर शॉवर जोडून देण्याचा विचारच करू नये.

सुरुवात खरेदीने नव्हे, हिशेबाने करावी. शॉवरच्या माहितीपट्टीवरील वॅटच्या आकड्याला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. मात्र ती क्षमता किती व्होल्टसाठी नोंदवली आहे हे आधी वाचावे. २४० व्होल्टला ८.५ किलोवॅट असलेला शॉवर २३० व्होल्टला सुमारे ७.८ किलोवॅटच देतो आणि जवळपास ३४ अँपिअर घेतो. या आकड्यात घरातील एका वेळी चालणाऱ्या इतर उपकरणांचा भार मिळवावा आणि येणारी बेरीज मंजूर भाराशी व मीटरआधीच्या मुख्य फ्यूजच्या क्षमतेशी ताडून पाहावी. मुख्य फ्यूज ४० अँपिअरचा असेल, तर बोर्ड कितीही उत्तम बसवला तरी अडचण तशीच राहील. अशा वेळी वीजपुरवठा कंपनीकडून भार वाढवून घेणे हे पहिले काम ठरते. मुख्य फ्यूज आणि मीटरची सीले त्या कंपनीच्याच अखत्यारीत असतात; त्यांना हात लावू नये.

त्यानंतर केबलचा विचार करावा, कारण एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास आपोआप बंद होणारा स्विच) प्रथमतः केबलचे रक्षण करतो, शॉवरचे नव्हे. एमसीबीचा आकडा शॉवरच्या प्रवाहापेक्षा कमी नसावा आणि ती केबल जशी टाकली आहे त्या स्थितीत जेवढा प्रवाह सुरक्षितपणे वाहून नेऊ शकते, त्यापेक्षा जास्त नसावा. ३७ अँपिअरसाठी ४० अँपिअरचा एमसीबी येतो आणि त्याला साजेशी तांब्याची केबल भिंतीवर मोकळी असल्यास ६ चौरस मिलीमीटरची चालू शकते. परंतु तीच केबल उष्णतारोधक थरातून गेली किंवा इतर केबलींसोबत एकाच पाइपात कोंबली गेली, तर तिची क्षमता बरीच घटते. पुढे कधी मोठा शॉवर बसवण्याचा विचार होऊ शकतो हे लक्षात घेता १० चौरस मिलीमीटरची केबल टाकावी, असे माझे मत आहे. भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा तो खर्च परवडतो. २० मीटर अंतरावर ३७ अँपिअर नेताना ६ चौरस मिलीमीटरच्या केबलीत सुमारे ५.४ व्होल्ट खर्ची पडतात, तर १० च्या केबलीत साधारण ३.३ व्होल्ट. ही केबल बोर्डापासून शॉवरपर्यंत स्वतंत्र असावी. मध्ये ४५ किंवा ५० अँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच असावा, आणि तो स्नानगृहाबाहेर किंवा छताला दोरीने ओढण्याच्या प्रकारचा असावा.

आता प्रत्यक्ष बोर्डाकडे वळू. तारेचा फ्यूज वितळण्यासाठी त्याच्या नेमून दिलेल्या प्रवाहाच्या साधारण दुप्पट प्रवाह लागतो, आणि तेवढ्या अवधीत केबलीचे आवरण करपू शकते. त्यात कोणी हाताशी आलेली जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर तो फ्यूज नावापुरताच उरतो. काही जुन्या बोर्डांत न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो आधी उडाला तर उपकरण बंद दिसते, परंतु त्यात फेज जिवंत असते. नव्या बोर्डात डबल पोल मेन स्विच, अखंड न्यूट्रल बार, अर्थ बार आणि शॉवरसाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीबीओ (जादा प्रवाह आणि विजेची गळती या दोन्हींवर पुरवठा तोडणारा स्विच) असावा. सर्व घराला एकच आरसीसीबी (फक्त गळतीवर तुटणारा स्विच) बसवला, तर शॉवरमधील गळतीने घरभर अंधार होतो.

जुनी वायरिंग नव्या बोर्डाला जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध मोजून घ्यावा. १ मेगाओहमपेक्षा कमी वाचन आल्यास ते सर्किट जोडू नये. जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत गुंतलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तारेच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, पण आरसीसीबी लगेच ट्रिप होतो आणि मग दोष नव्या उपकरणावर ढकलला जातो. आरसीसीबीला वगळून जोडणी करणे हा उपाय नाही; गुंता शोधून सोडवावाच लागतो. सगळी वायरिंग इतकी जुनाट असेल की ती लवकरच बदलावी लागेल, तर मीटरनंतर शॉवरपुरता वेगळा छोटा बोर्ड बसवणे हा स्वीकारार्ह मध्यममार्ग आहे, परंतु मीटरकडून येणाऱ्या तारा दोन्ही भार पेलणाऱ्या असाव्यात. अर्थिंग मात्र दोन्ही पर्यायांत नीट तपासलेले हवे. पाण्याच्या नळाला जोडलेली जुनी अर्थ वायर ग्राह्य धरू नये, कारण त्या नळाचा एखादा तुकडा प्लास्टिकचा असला की मार्ग तुटतो.

हे काम परवानाधारक व्यक्तीनेच करावे. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या मीटरकडील बाजूच्या तारा जिवंतच राहतात, आणि पुरवठा बंद असल्याची खात्री निऑन टेस्टरने नव्हे तर दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने करायची असते. टर्मिनलचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत. ढिल्या जोडातून ३५-४० अँपिअर वाहू लागले की प्लास्टिक वितळते आणि एमसीबी त्याची दखलही घेत नाही. पुरवठा सुरू करण्यापूर्वी अर्थची सलगता व फेज-न्यूट्रलची योग्य बाजू तपासावी, आणि सुरू केल्यावर आरसीबीओ ३० मिलिअँपिअर गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटतो का, हे मोजून नोंदवावे. शॉवरमधून आधी थंड पाणी वाहू द्यावे, कारण कोरडे हीटर तापले तर पहिल्याच दिवशी जळू शकतात. शेवटी प्रत्येक एमसीबीवर सर्किटचे नाव लिहावे आणि चाचण्यांचा कागद बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावा.