मोफत मासिकाचे नाव ठरवताना: आधी शीर्षक, मग दरपत्रक

शहराच्या एखाद्या भागापुरते मोफत जीवनशैली मासिक काढायचे ठरले की पहिल्या बैठकीत सर्वांत जास्त चर्चा नावाची होते. अंकात काय असेल, तो कोण छापेल आणि सोसायट्यांच्या दारापर्यंत कोण पोहोचवेल, हे प्रश्न मागे पडतात आणि चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत नाव नक्की होऊन कोणीतरी त्याचे बोधचिन्हही कागदावर रेखाटलेले असते. हा लेख त्या बैठकीतून नुकत्याच उठलेल्या मंडळींसाठी आहे. मजकूर कसा मागवावा आणि छायाचित्रे कशी निवडावीत, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. आमचे मासिक नाशिकचे, मुख्यतः कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि महात्मानगर या पट्ट्यातले. त्यामुळे उदाहरणे तिथलीच येतील.

पहिली गोष्ट म्हणजे अंक मोफत वाटला तरी नोंदणी टळत नाही. नियमितपणे निघणाऱ्या आणि सार्वजनिक घडामोडी किंवा त्यांवरील भाष्य छापणाऱ्या नियतकालिकाला कायदा लागू होतो. त्यावर किंमत छापली आहे की नाही, हे तो पाहत नाही. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला ‘प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३’ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. पूर्वी ज्याला सगळे ‘आरएनआय’ म्हणत, ते वृत्तपत्र नोंदणीचे केंद्रीय कार्यालय आता प्रेस महानिबंधकांचे आहे आणि शीर्षक व नोंदणी या दोन्हींचा अर्ज ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर एकत्रच करायचा असतो. प्रमाणपत्राशिवाय नियतकालिक काढल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘चार अंक काढून पाहू, चालले तर नोंदवू’ असे सांगणारे अनुभवी लोक तुम्हाला भेटतील. त्यांचा चहा घ्यावा, सल्ला घेऊ नये.

आता ज्या खड्ड्यात आम्ही पडलो, त्याविषयी सविस्तर लिहितो; बाकीचे वाचले नाही तरी चालेल, पण हे वाचा. शॉप अॅक्टचा दाखला, वेबपत्ता, बँकेतले चालू खाते आणि ट्रेडमार्कचा अर्ज या चार गोष्टी एखाद्या नावाने झाल्या की ते नाव आपले झाले, असे मनाला वाटू लागते. प्रत्यक्षात या चारही वाटा वेगवेगळ्या कार्यालयांत जातात आणि त्यांपैकी एकही तुम्हाला नियतकालिकाचे शीर्षक मिळवून देत नाही. शीर्षकाची कसोटी निराळी आहे: तेच किंवा त्याच्याशी मिळतेजुळते शीर्षक त्याच भाषेत भारतात कुठेही, किंवा त्याच राज्यात कोणत्याही भाषेत, दुसऱ्या मालकाच्या नावावर असता कामा नये. या वाक्याचा उत्तरार्ध नवखे लोक वाचतच नाहीत. मराठी शीर्षक शोधताना ते मराठी यादी चाळतात आणि निश्चिंत होतात. पण महाराष्ट्रातून निघणारे हिंदी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी नियतकालिकही आडवे येते. आमचे शीर्षक अडले ते राज्यातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातल्या, त्याच उच्चाराच्या एका हिंदी पाक्षिकामुळे. ते पाक्षिक आम्ही कोणीही कधी पाहिले नव्हते. पण त्याने काही फरक पडत नाही, कारण पाहिले जाते ते कोणाच्या नावावर काय नोंदले आहे एवढेच.

तोवर जाहिरातींचे दरपत्रक छापून झाले होते, फलक रंगवून झाला होता आणि काही दुकानदारांनी जाहिरातीच्या आगाऊ रकमेचे धनादेशही त्या नावाने दिले होते. पैसे परत करणे किंवा धनादेश बदलून घेणे हा कटकटीचा, पण निस्तरता येण्यासारखा भाग असतो. खरा तोटा वेगळाच होतो. नवे नाव घेऊन आम्ही एका सराफांच्या पेढीवर गेलो, तेव्हा त्यांनी जुने दरपत्रक ड्रॉवरमधून काढले, नव्याच्या शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारले, “नाव बदललं, मग माणसं तीच आहेत ना?” ज्या मासिकाचा एकही अंक निघालेला नाही, त्याच्यापाशी जाहिरातदाराला दाखवण्यासारखे फक्त नाव असते, तेच महिन्याभरात बदलले तर उरलेल्या बोलण्यावर कोणी कशाला विश्वास ठेवील?

म्हणून शोध असा घ्यावा. निवडलेले नाव देवनागरीत, रोमन लिपीत आणि र्‍हस्व-दीर्घ बदलून, अशा सर्व रूपांत पोर्टलवर तपासावे. ‘अंगण’, ‘सखी’, ‘मैत्र’ यांसारखी घरगुती, प्रेमळ नावे आधीच कोणाच्या तरी नावावर असतील असे धरूनच बसावे. त्यांच्या पुढे ‘नाशिक’ किंवा ‘मासिक’ जोडले म्हणजे नाव वेगळे झाले, असेही समजू नये. एका नावाच्या प्रेमात पडण्यापेक्षा पसंतीक्रमाने पाच-सहा नावे तयार ठेवावीत आणि पाचवे मिळाले तरी हसतमुखाने अंक काढता येईल, इतपत प्रत्येकावर काम करावे. एरवी मी कोणाला घाबरवत नाही, पण प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी नावासह एकही कागद छापू नका.

‘आठ दिवसांत शीर्षक आणून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थांविषयी माझे मत वाईट आहे आणि ते बदलण्याची शक्यता नाही. अर्ज महानिबंधकांकडे आणि जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे एकाच वेळी जातो, आणि त्या प्राधिकाऱ्याला अभिप्राय देण्यासाठी ६० दिवसांची मुदत आहे. मध्यस्थाच्या ओळखीने ती आक्रसत नाही. बंद पडलेले जुने शीर्षक विकत घेणे ही दुसरी आडवाट. हस्तांतर कायदेशीर असते, पण जुन्या मालकाने वार्षिक विवरणपत्रे भरली होती का, हे व्यवहारानंतर कळले तर ती डोकेदुखी तुमची होते. सल्लागार हवाच असेल, तर माध्यमतज्ज्ञापेक्षा निवृत्त छपाई फोरमन गाठावा. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिन मारलेल्या, अंकाची पाने चारच्या पटीत का धरावी लागतात, फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) सोळा पानांचा असताना अठ्ठावीस पानांपेक्षा बत्तीस पाने का परवडतात, पडद्यावर झळकणारा निळा रंग छपाईत का मावळतो, हे तो एका दुपारी सांगतो आणि वर प्रेसवाल्याशी दर ठरवताना शेजारी उभा राहतो.

नावाच्या निवडीत कायद्याइतकाच भूगोलही पाहावा लागतो. रस्त्याचे नाव घातले की त्या रस्त्यावरचे दुकानदार खूश होतात. पण इंदिरानगर किंवा नाशिकरोडचा जाहिरातदार ‘आमचे गिऱ्हाईक तिथे येत नाही’ असे म्हणून मोकळा होतो, आणि वर्षभरात वाटपाचा पट्टा वाढवायचा झाला की तेच नाव पायात येते. उलट फार मोठे, अवघ्या महाराष्ट्राला कवेत घेणारे नाव बत्तीस पानांच्या अंकावर पोकळ दिसते. ‘लाइफ’, ‘स्टाइल’, ‘ट्रेंड्स’ असली नावे मला केशकर्तनालयाच्या पाटीसारखी वाटतात, पण हा माझा पूर्वग्रह समजून सोडून द्या. नाव वाढत्या अंगाचे असावे, एवढे मात्र आग्रहाने सांगेन. किर्लोस्करवाडीहून १९२० साली सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ कारखान्याच्या घडामोडी सांगणारी होती. मजकुराचा आवाका वाढत गेला तसा पुढे नावातला ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले, आणि त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. अर्थात असे नाव बदलण्याची मोकळीक त्या काळच्या संपादकाला होती तेवढी आज सहजासहजी मिळत नाही.

शिवाय मोफत अंक वाचकाने मागितलेला नसतो. तो सोसायटीच्या फाटकावर पोहोचतो तेव्हा वॉचमन वरवर पाहून ठरवतो की हे पत्रपेट्यांत टाकायचे की खुर्चीखालच्या गठ्ठ्यात. त्याला ते हँडबिल वाटले तर संपले. कॅफेतल्या किंवा दवाखान्यातल्या मांडणीत तर अंकाचा वरचा तिसरा हिस्साच दिसतो, म्हणून शीर्षक वरच्या कडेला आणि ठळक हवे; मात्र वेलांट्या आणि रफार कटिंगमध्ये जातील इतके कडेला नको. ‘विनामूल्य’ हा शब्द शीर्षकाला चिकटवू नये. तारखेच्या ओळीत लहान अक्षरांत पुरे.

जाहिरातींविषयी थोडक्यात. छापील माध्यमातील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी आहे आणि सेवांसाठी जीएसटी नोंदणीची उलाढालमर्यादा २० लाख रुपये आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी याची फार धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायची ती मजकुराची. मधुमेह, लठ्ठपणा बरा करणाऱ्या किंवा उंची वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिराती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात अडकतात, आणि जीवनशैली मासिकाकडे सर्वांत आधी, सर्वांत जास्त दराने, हेच लोक येतात. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. नाशिकमध्ये वायनरीची पानभर जाहिरात मोह घालते. तिथे १९४९ चा दारूबंदी अधिनियम आधी वकिलाकडून समजून घ्यावा आणि मगच पान राखावे.

हे वाचून हातपाय गाळू नका. आमच्यासारख्यांना दुसऱ्या पसंतीचे शीर्षक मिळाले, फलक पुन्हा रंगवला आणि त्याच सराफांनी पहिल्या अंकाचे मागचे पान घेतले. फक्त वेळेचे गणित उलट्या बाजूने मांडा. शहरातल्या दुकानदाराचा जाहिरातीचा पैसा दसरा-दिवाळीला सुटतो. तो पकडायचा असेल तर अर्ज उन्हाळ्यातच दाखल व्हायला हवा, म्हणजे एखादे शीर्षक नाकारले गेले तरी दुसऱ्यासाठी पावसाळा हाताशी राहतो. दरपत्रक गणपतीच्या आधी दुकानांत पोहोचलेले असावे. पितृपक्षात नवे काही घेऊन कोणाच्या पेढीवर जाऊ नये, कारण तेव्हा ‘दसऱ्यानंतर बघू’ हेच उत्तर मिळते आणि तोवर दिवाळीच्या अंकाची पाने दुसऱ्या कोणीतरी भरून घेतलेली असतात.