जुन्या इमारतीच्या भिंतीत काही सापडलं तर काय करावं?

जुनी इमारत दुरुस्तीला काढली की भिंतींच्या पोकळीतून पत्रं, नाणी, खेळणी, सुतारांनी फळीमागे पेन्सिलीने लिहिलेली नावं असं काहीबाही निघू शकतं. यातलं बरंचसं राडारोड्याबरोबर कायमचं जातं. जे वाचतं तेही अनेकदा अर्धंच वाचतं, कारण वस्तू हाती राहते पण ती कुठे आणि कशी ठेवली होती हे कोणी टिपून ठेवत नाही.

१. कामगारांशी आधी बोला

वस्तू बहुतेक वेळा घरमालकाच्या नव्हे, गवंड्याच्या किंवा सुताराच्या हाती लागते. काहीही दिसलं, अगदी चिंधी किंवा चुरगळलेला कागद, तरी हात थांबवून हाक मारायची, असं ठरवून घ्या. थांबलेल्या वेळेची मजुरी कापणार नाही हेही स्पष्ट सांगा. हा शब्द दिला नाही तर कोणी थांबणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. इमारत वारसा यादीत असेल तर परवानगीचंही याच वेळी बघा.

२. भिंत न फोडता तपासा

खोल्यांची आतली मापं आणि इमारतीचं बाहेरचं माप जुळवून पाहा. भिंतींची जाडी धरूनही मेळ बसत नसेल तर मध्ये पोकळी असण्याची शक्यता आहे. बोटांच्या पेरांनी ठोकत जा. भरीव भिंतीचा आवाज बद्द येतो, पोकळीचा घुमतो. एखाद्या चौकोनापुरताच गिलावा वेगळा दिसला तर तिथे कोनाडा किंवा खिडकी बुजवलेली असू शकते.

धुराडं, जिन्याखालची जागा, दारांच्या चौकटी आणि माळ्याच्या फळ्या आधी पाहा. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात इमारतींत दडवलेल्या पादत्राणांची नोंद गेली काही दशकं ठेवली जाते. त्यात धुराड्याच्या आसपासची जागा वारंवार येते. जोडे बहुतेक वापरून झिजलेले, आणि त्यांत लहान मुलांचे पुष्कळ.

३. उघडताना घाई नको

आधी त्या भागातली वीज बंद करा. एक सांधा मोकळा करून मोबाइलला जोडता येणारा बारीक वायरचा कॅमेरा आत सोडा, मगच छन्नी लावा. पोकळीजवळ ब्रेकर मशीन नको. नुसता हात तर मुळीच घालू नका. अमेरिकेतल्या कित्येक जुन्या घरांत न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटामागे वापरलेली ब्लेडं टाकायला फट असे आणि ती ब्लेडं थेट भिंतीत पडत.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, एकोणिसाव्या शतकातल्या हिरव्या वॉलपेपरमध्ये आर्सेनिक. अ‍ॅस्बेस्टॉसची शंका आली किंवा काडतुसासारखं काही दिसलं तर काम तिथेच थांबवून जाणकारांना बोलवा.

उंदरांचं घरटं दिसलं की आपण ते आधी झाडून टाकतो. तसं करू नका. इंग्लंडच्या ऑक्सबर्ग हॉल या जुन्या वाड्यात २०२० साली फळ्यांखालच्या उंदरांच्या घरट्यांतून शेकडो वर्षांपूर्वीच्या कापडांचे २००हून अधिक तुकडे आणि जुन्या हस्तलिखितांचे कपटे मिळाले. झाडूने धूळ उडते आणि त्यातून आजार होऊ शकतो, म्हणून मास्क व हातमोजे घालून घरटं सबंध खोक्यात उचला.

४. सापडलं की उचलू नका

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. वस्तू जागेवर असतानाच फोटो काढा: एक लांबून, भिंत ओळखू येईल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. मग जमिनीपासूनची उंची, कोणत्या चौकटीपासून किती अंतर, वस्तू उभी होती की आडवी, सोबत काय होतं, हे लिहा. भोवतीचा गिलावाही पाहा. गुळगुळीत बंद केलेल्या कोनाड्यात ठेवलेलं पत्र कोणीतरी जपून लपवलेलं असतं. तेच पत्र फळीच्या फटीखाली कचऱ्यात मिळालं तर ते बहुधा नकळत घसरून पडलेलं असतं. वस्तू एकदा हलवली की हा फरक परत सांगता येत नाही.

५. सांभाळ

कडक झालेल्या घड्या उलगडू नका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर नकोच. कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी धरा. फोटो व धातूसाठी नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला. ओला कागद २ दिवसांत बुरशी धरू शकतो, म्हणून लगेच वाळवता येत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कागद-संवर्धकाला गाठा. कोरड्या वस्तू मात्र हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. नाणी घासून चकचकीत केली की त्यांचं मोल घटतं. १९५०च्या सुमारापर्यंतची सिनेमाची रिळं नायट्रेटची असू शकतात आणि ती झटकन पेट घेतात. ती थंड जागी, आगीपासून दूर ठेवा.

६. मालकी

प्रत्येक देशाचा कायदा निराळा. भारतात १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार दडवलेली मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि जमिनीत पुरलेल्याइतकंच बांधकामात दडवलेलंही त्यात येतं. कायद्याचा प्रश्न नसेल, पण पत्रांवर नावं असतील, तर त्या कुटुंबाचा शोध घ्या. माझ्या मते खाजगी पत्रं त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकूच नयेत.

७. भिंत बंद करण्याआधी

काय मिळालं, कुठून काढलं आणि आता कुठे आहे, हे एका चांगल्या कागदावर तारखेसह पेन्सिलीने लिहून त्याच पोकळीत ठेवा. पेनाची शाई दमटपणात पसरू शकते, पेन्सिलीचं लिखाण टिकतं.